पेव्हर ब्लॉकवरचा डाग

मार्चमध्ये आमच्या सोसायटीच्या आवारात नवे पेव्हर ब्लॉक बसले आणि आठवडाही उलटला नसेल तोच सेक्रेटरींचा फोन आला. "मॅडम, जरा तुमच्या गाडीखाली बघता का?" बघायचं काय, मला माहीतच होतं. नव्याकोऱ्या राखाडी ब्लॉकवर गाडीच्या पोटाखाली ताटाएवढा काळा डाग पडला होता. जुन्या शहाबादी फरशीवर तोच डाग दोन वर्षं सुखाने नांदला, तेव्हा कुणाच्या डोळ्यावर आला नव्हता.

गाडी म्हणजे बाबांची अ‍ॅम्बेसेडर. मार्क ३, १९७८ ची, नंबर लावून घेतलेली. बाबांनी ती ठाण्यातून दरवर्षी कशेडी घाट उतरवून कोकणात नेली आणि एकदाही टो करून आणली नाही, असं ते सांगायचे. (एकदा आणली होती. आईने मला खासगीत सांगितलंय.) बाबा २०१९ मध्ये गेले. पाठोपाठ लॉकडाउन आला आणि गाडी पाचपाखाडीच्या आमच्या इमारतीखाली कव्हर घालून जवळजवळ दीड वर्ष एका जागी उभी राहिली. बॅटरी काढून ठेवली होती, चाकांना विटा लावल्या होत्या. एवढं केलं म्हणजे गाडी जपली असं मला वाटत होतं.

२०२१ च्या दिवाळीत ती पुन्हा सुरू केली. फार कुरकुर न करता सुरू झाली. तेल गळायला लागलं ते त्यानंतर. ही तारीख माझ्या डोळ्यांसमोर होती, पण तिचा अर्थ लावायला मला साडेतीन वर्षं लागली.

आधी टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणाच्या, कडेने तेल झिरपायला लागलं. घोडबंदर रोडच्या बाजूच्या एका गॅरेजने पॅकिंग बदलून दिलं. तीन महिने बरे गेले, मग चेंबरच्या, म्हणजे इंजिनाच्या तळाशी तेल साठतं त्या भांड्याच्या, कडेने. चेंबर उतरवून कॉर्कचं पॅकिंग घातलं, वरून काळा सिलिकॉन थापला. मग पुढच्या पुलीकडून. तिथलं ऑइल सील बदललं. तोवर टॅपेट कव्हर पुन्हा ओलं. चाळीतल्या नळासारखं झालं होतं, एक बंद केला की दुसरा सुरू. तिन्ही बिलं मिळून सव्वीस हजार झाले आणि शेवटी गॅरेजवाल्याने निकाल दिला, "मॅडम, इंजिन बॅक मारतंय. रिंगा गेल्यात. बोअर करून नवे पिस्टन टाकायला लागतील." सत्तर हजारांचा अंदाज. पुढच्या वर्षी पासिंग आहे, तेव्हा आताच करून घ्या, असा सल्लाही.

'बॅक मारणं' म्हणजे सिलिंडरमधला जाळाचा वायू पिस्टनच्या रिंगांच्या फटीतून खाली चेंबरमध्ये उतरणं. थोडा तर नव्या इंजिनातही उतरतो. फार उतरायला लागला की इंजिन थकलं म्हणायचं. निदान ऐकायला पटण्यासारखं होतं. पण मी एकतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलंय, आणि उत्तर बरोबर असलं तरी रीत दाखवल्याशिवाय मार्क द्यायची सवय नाही. रिंगा इतक्या गेल्या असत्या तर सायलेन्सरमधून निळा धूर यायला हवा होता. प्लग तेलकट व्हायला हवे होते. गायमुखचा चढ चढताना गाडी मरगळायला हवी होती. यातलं काहीच नव्हतं. उलट गाडीत मजबूत दम होता, आणि तेल मात्र चहूबाजूंनी.

मग मी मामांना बोलावलं. मामा म्हणजे बाबांचे जुने मिस्त्री. कळव्याला त्यांचं गॅरेज होतं, ते बंद करूनही आता बरीच वर्षं झाली. त्यांची मुलगी माझ्या वर्गात होती, म्हणून ते मला 'बाई' म्हणतात, आणि त्या 'बाई'त आदर असला तरी गाडीच्या बाबतीत मला काही कळतं असा अर्थ त्यात नसतो. रविवारी सकाळी आले, बोनेट उघडलं, पाच मिनिटं नुसते बघत उभे राहिले आणि म्हणाले, "बाई, आधी हिला आंघोळ घाला. घाणीत काय दिसणार?"

तर पहिला दिवस आंघोळीत गेला. डिझेल, रंगाचा जुना ब्रश, वेस्ट कॉटन. चाळीस वर्षांचा थर इंजिनावर डांबरासारखा बसलेला. खाली पुठ्ठे अंथरले होते तरी वॉचमन दोनदा येऊन बघून गेला. सगळं कोरडं झाल्यावर मामांनी घामोळ्यांची पावडर मागवली. मलमलच्या चिंधीत पुरचुंडी बांधून त्यांनी ती सगळ्या जोडांवर अशी झटकली की इंजिन लग्नातल्या पोराटोरांसारखं पांढरं झालं. मग मी गाडी उपवनपर्यंत नेऊन आणली. पावडरीवर तेल जिथून सुटतं तिथे काळी रेघ उमटते, आणि रेघेचं वरचं टोक म्हणजे गळतीची जागा. युक्ती इतकी साधी आहे, पण तीन बिलांमधल्या एकातही ती कुणी केली नव्हती. तेल वाऱ्याने मागे उडतं आणि उतारावरून वाहतं. ओलं दिसतं तिथलं पॅकिंग बदलणं म्हणजे छत गळतंय म्हणून खालची सतरंजी बदलणं.

रेघा चार ठिकाणी होत्या. टॅपेट कव्हरची मागची कड, पुढच्या पुलीमागे, साइड प्लेटच्या, म्हणजे इंजिनाच्या कुशीतल्या पत्र्याच्या झाकणाच्या, खालून, आणि इंजिन-गिअरबॉक्सच्या सांध्याखाली बेल हाउसिंगला जे कॉटर पिन अडकवलेलं भोक असतं तिथून. शेवटचं तेल मामांनी बोटावर घेऊन बघितलं. काळं होतं, म्हणजे इंजिनाचं. गिअरबॉक्सचं असतं तर मधासारखं असतं. आणि पाचवी गोष्ट मला दिसली. तेल मोजायची काडी आपल्या जागेवरून बोटभर वर आली होती आणि तिच्या भोवती बारीक शिंतोडे होते. मी निघताना ती दाबून बसवली होती.

"मामा, ही वर कशी आली?"

मामा काही बोलले नाहीत. त्यांनी काडी दाबली, गाडी सुरू करायला सांगितली आणि तिच्यावर बोट ठेवून उभे राहिले. मग म्हणाले, "ढकलतंय."

या इंजिनाबद्दल थोडं सांगायला हवं. अ‍ॅम्बेसेडर म्हणजे ब्रिटनची मॉरिस ऑक्सफर्ड सीरीज ३, जी १९५० च्या दशकाच्या अखेरीस हिंदुस्तान मोटर्सने बंगालात उत्तरपाड्याला बनवायला घेतली आणि २०१४ पर्यंत बनवली. माझ्या गाडीतलं १४८९ सीसीचं इंजिन ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या बी सीरीजचं. एमजीबी नावाची जी देखणी स्पोर्ट्स कार होती तिचं इंजिन याच घराण्यातलं, फक्त १७९८ सीसीचं. नट-बोल्ट सगळे इंची मापाचे. आणि या घराण्यातल्या जुन्या इंजिनांची एक खोड आहे. क्रँकच्या, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात त्या मुख्य दांड्याच्या, मागच्या टोकाला, जिथे फ्लायव्हीलचं जड चाक लागतं तिथे, रबरी ऑइल सील नसतंच. क्रँकवर स्क्रूसारखा उलटा आटा कापलेला असतो. क्रँक फिरली की तो आटा बाहेर येऊ पाहणारं तेल आत ओढत राहतो. घासणारं काहीच नाही, त्यामुळे झिजणारंही काही नाही. फार हुशारीचं काम आहे, पण एका अटीवर चालतं. आतली हवा बाहेरच्या हवेपेक्षा जास्त दाबाची असता कामा नये. आत दाब चढला की तो आटा बिचारा काय करणार? क्रँक आणि ब्लॉक यांच्यातली फट उघडीच आहे.

म्हणजे आता प्रश्न 'तेल कुठून गळतंय' हा राहिला नव्हता. आत दाब आहे का, आणि असला तर किती, हे बघायचं होतं. हे काम माझं.

कोविडमधले हातमोजे घरात पडून होते. तेल ओतायचं झाकण काढलं, तोंडावर हातमोजा ताणून रबरबँडने बांधला आणि गाडी सुरू केली. पाच-सहा सेकंदांत पाचही बोटं ताठ. उत्तर येणाऱ्या पोराने करावा तसा हात वर! मला हसू आलं, मामांना नाही आलं. ते म्हणाले, "थोडं तर येतंच बाई. किती ते कसं कळणार?"

खरं होतं. हातमोजा 'आहे' सांगतो, 'किती' सांगत नाही. फाटकापाशी पेव्हर ब्लॉकचा उतार अजून नीट व्हायचा होता, तिथे गवंडी काम करत होता. त्याचा लेव्हल पाइप अर्ध्या तासासाठी मागितला. पारदर्शक पाइप यू आकारात फळीवर खिळ्यांनी बसवला, मध्ये फूटपट्टी चिकटवली, पाण्यात चिमूटभर कुंकू घातलं. नववीला मॅनोमीटर शिकवताना मी फळ्यावर काढलेली आकृती, नेमकी तीच. एक टोक भोक पाडलेल्या रबरी बुचातून तेलाच्या झाकणाच्या जागी बसवलं, दुसरं उघडं ठेवलं. गवंडी हातातलं काम टाकून बघायला येऊन उभा राहिला.

गाडी आयडलला असताना दोन्ही बाजूंच्या पाण्यात अठरा सेंटिमीटरचा फरक. मी अ‍ॅक्सिलरेटर जेमतेम दाबला तर कुंकवाचं पाणी पाइपच्या तोंडातून उडून गवंड्याच्या शर्टावर. आकडा घ्यायलाही वेळ मिळाला नाही. पण पंचवीसच्या वर गेलं होतं हे नक्की. पंचवीस सेंटिमीटर पाणी म्हणजे चौरस सेंटिमीटरला पंचवीस ग्रॅम. ऐकायला काहीच नाही. पण साइड प्लेट तळहाताएवढी, धरा शंभर चौरस सेंटिमीटर. म्हणजे तिला आतून अडीच किलोचं वजन सतत बाहेर लोटतंय. कॉर्कचं पॅकिंग उडणारं तेल अडवायला असतं, हवेचा दाब धरून ठेवायला नसतं. त्याला दोष देण्यात अर्थ नव्हता.

मग गॅरेजवाला बरोबरच होता की, रिंगा गेल्या! मीही क्षणभर हबकले. मामा स्कूटरवरून जाऊन कुणाकडून तरी कॉम्प्रेशन गेज, म्हणजे सिलिंडरमधला दाब मोजायचं मीटर, घेऊन आले. इंजिन गरम करून, चारही प्लग काढून, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून एकेक सिलिंडर मोजला. ११८, १२०, ११२, ११६ पौंड. तिसऱ्या नंबरात चमचाभर तेल टाकून पुन्हा मोजलं तर जेमतेम वाढलं. रिंग गेलेली असती तर ते तेल तात्पुरती फट बुजवतं आणि आकडा एकदम चढतो. सत्तेचाळीस वर्षांच्या इंजिनाचे हे आकडे चांगलेच म्हणायचे. वायू नेहमीइतकाच खाली उतरत होता, पण त्याला बाहेर पडायची वाट मिळत नव्हती.

"मामा, हे इंजिन श्वास कुठून सोडतं?"

"दोन जागा आहेत," मामा म्हणाले. एक वर. टॅपेट कव्हरवरून रबरी पाइप एअर क्लीनरला जातो. दुसरी खाली. पुढच्या साइड प्लेटवरून लोखंडी पाइप निघून इंजिनाच्या कडेने खाली रस्त्याच्या दिशेला जातो, हा ब्रीदर. त्याचं खालचं तोंड उघडं असतं. गाडी पळत असली की खालून जाणारा वारा त्या तोंडाशी ओढ निर्माण करतो आणि इंजिनातला वायू बाहेर खेचला जातो. काहीही हलणारा भाग नाही. तोटाही उघड आहे, गाडी उभी असली की ओढ नाही. ही रचना झाली तेव्हा घोडबंदर रोडवरची मेट्रोच्या कामाची ट्रॅफिक कुणाच्या स्वप्नातही नसणार. माजिवड्यापासून कासारवडवलीपर्यंत पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगताना या पाइपाला वारा मिळणार कुठून? शिवाय हा सगळा धूर सरळ हवेत जातो. तोच परत इंजिनात जाळायची पद्धत कॅलिफोर्नियात १९६१ च्या मॉडेलपासून आली, अमेरिकेत सगळीकडे १९६३ पासून. आमच्या गाडीपर्यंत ते वारं पोचलं नव्हतं.

वरचा रबरी पाइप दिसायला ठणठणीत होता. दोन्ही टोकांना क्लिपा, मध्ये कुठे चीर नाही. मामांनी एअर क्लीनरकडची क्लिप सैल करून पाइप ओढला. त्याच्या तोंडात एक बोल्ट बसवलेला होता. बाहेरून पत्ता लागू नये इतका नीट, वरून क्लिप आवळलेली. मग मला आठवलं, २०२२ मध्ये एअर फिल्टरमध्ये तेल येतंय अशी तक्रार मीच केली होती आणि दुसऱ्या दिवशी ती दूर झाल्याबद्दल आभारही मानले होते. फिल्टरमध्ये तेल येत होतं कारण खालची वाट बंद असल्याने सगळा लोंढा वरून यायचा. तर गॅरेजवाल्यांनी वरची वाटही बंद करून टाकली. मामांनी बोल्ट तळहातावर घेऊन मला दाखवला आणि एक शब्द उच्चारला, जो इथे लिहिता येणार नाही.

आणि खालची? मामा गोणपाट टाकून गाडीखाली सरकले. टॉर्च, सायकलच्या चाकाची तार. थोड्या वेळाने त्यांच्या चेहऱ्यावर माती पडायला लागली. कोरडी, भुसभुशीत, लालसर माती. ते थुंकत बाहेर आले, हातात पाइपाच्या मापाचं मातीचं एक बूच होतं. अंगठ्याएवढ्या जाडीचं, बाहेरून गुळगुळीत, आतून दोन कप्पे. एका कप्प्यात कागदासारखा रिकामा कोश, दुसऱ्यात वाळून काडी झालेली अळी.

कुंभारीण! ती गांधीलमाशीसारखी बारीक कंबरेची माशी, जी खिडकीच्या कोपऱ्यात, स्विचबोर्डच्या भोकात, मिळेल तिथे मातीची घरं बांधते. दीड वर्ष न हललेली गाडी, जमिनीपासून वीतभर वर, वाऱ्यापावसापासून आडोशाला एक गोल पाइप. तिला याहून चांगली जागा पाचपाखाडीत मिळाली नसती. गाडी सुरू झाल्यावर आतला दाब तिचं घर फोडेल असं कुणाला वाटेल. पण आतल्या बाजूची माती तेल पिऊन घट्ट झाली होती, आणि मागून जे काही येत होतं ते तिच्यावर साचत गेलं. मी तो कोश काड्यापेटीत घालून ठेवला आहे. शाळेत असते तर वर्गात नेला असता.

म्हणजे एक दार माशीने लावलं आणि दुसरं माणसाने. दोन्हींच्या मध्ये ते इंजिन साडेतीन वर्षं फटीफटीतून श्वास सोडत होतं.

मातीच्या वर वीतभर चिखल होता, दुधाळ तपकिरी, हात लावला तर लोण्यासारखा. वायूबरोबर पाण्याची वाफ असते, ती बाहेर गेली नाही की थंड होऊन तेलात मिसळते आणि हा लगदा होतो. झाकणाच्या आतल्या बाजूला तसाच थर मी पूर्वीही पाहिला होता आणि पुसून टाकला होता. पाइप वरपर्यंत साफ करायचा तर साइड प्लेट काढायला हवी, आणि ती मॅनिफोल्डच्या, म्हणजे सिलिंडरांना जोडलेल्या हवा-धुराच्या नळ्यांच्या, मागे. म्हणजे कार्बोरेटर, मॅनिफोल्ड सगळं उतरवणं आलं. नटांवर दोन दिवस गंज सोडवायचं तेल मारत राहिलो, तरी एक स्टड मोडलाच. त्याची कथा सांगत नाही, ज्याने स्टड मोडलाय त्याला माहीत आहे.

साइड प्लेटचं मात्र सांगते, कारण खरी शिकवणी तिथे झाली. पत्र्याची थाळीसारखी प्लेट, मधोमध एकच बोल्ट. तेल येतंय म्हणून जो तो तो बोल्ट आणखी आवळत गेलेला. बोल्ट आवळला की मध्य आत जातो आणि कडा उचलतात, कडा उचलल्या की तेल आणखी येतं, की आणखी आवळा. आमची प्लेट काचेच्या टीपॉयवर पालथी ठेवली तर डुगडुगत होती. कोपऱ्याखालून पोस्टकार्ड आरपार जात होतं. कॉर्कचं पॅकिंग बोल्टपाशी चपटं होऊन फाटलं होतं, कडेला मात्र जसंच्या तसं.

मामांनी सागवानी पाटावर प्लेटची कड ठेवून लाकडी हातोडीने टकटक सुरू केली. एका जागी दोन ठोके, मग काचेवर ठेवून बघायचं, परत दोन ठोके. पाऊण तास. घाई करणारा माणूस इथे प्लेट वाया घालवतो, असं म्हणत त्यांनी ती माझ्या हातात दिली आणि चहा प्यायला गेले. उरलेलं मी केलं. जुना सिलिकॉन डेबिट कार्डाने खरवडला, स्क्रूड्रायव्हरने नाही, नाहीतर ओरखडा पडतो आणि तीच पुढची गळती. वागळे इस्टेटमधून तीन मिलिमीटरची कॉर्क शीट आणली होती. प्लेटला काळी शाई लावून तिचा ठसा कागदावर घेतला आणि त्यावरून कॉर्क कापलं. चिकटवायचं फक्त प्लेटच्या बाजूला, शेलॅकचा पातळ हात देऊन. ब्लॉकच्या बाजूला नुसतं ग्रीस. म्हणजे पुढच्या वेळी प्लेट काढताना पॅकिंग फाटत नाही. बोल्टखाली नवा फायबर वॉशर. आणि बोल्ट किती आवळायचा? कॉर्क कडेने किंचित फुगलेलं दिसलं की थांबायचं. माझा हात तिथे थांबेना. मामा ओरडले, "बाई, पाना लहान घ्या!" लहान पाना घेतला की माणूस आपोआप कमी आवळतो.

प्लेट बसवण्याआधी त्या खिडकीतून इंजिनात डोकावून बघितलं. चार पुशरॉडचे दांडे तेलात चमकत उभे. बाबांनी हे कधी पाहिलं होतं का, कोण जाणे.

पुढच्या पुलीकडची गळती निराळी निघाली, तिथे खरोखरच चूक होती. नवं सील घालताना गॅरेजने टायमिंग कव्हर आधी आवळून टाकलं आणि मग पुली ठोकली. या इंजिनात कव्हर आधी सैल ठेवायचं, पुली सीलमधून आत सरकवायची म्हणजे कव्हर आपोआप मध्यावर येतं, आणि मग बोल्ट. नाहीतर सील एका बाजूला दाबलं जातं आणि दुसऱ्या बाजूने सोडतं. त्यासाठी रेडिएटर काढावा लागला. मामांचा अख्खा दिवस गेला.

पुढच्या रविवारी पुन्हा लेव्हल पाइप. या वेळी विकत आणलेला, कारण गवंडी काम संपवून गेला होता. आयडलला दोन्ही बाजूंचं पाणी शून्याच्या आसपास नुसतं थरथरत होतं. अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर उलट्या बाजूला सेंटिमीटरभर गेलं. एअर क्लीनर आता वरच्या पाइपातून ओढत होता. मामा काडीवर बोट ठेवून उभे राहिले आणि मान डोलावली.

इथे मी थांबायला हवं होतं. पण माझ्या भाच्याने डोक्यात भरवलं की एवढ्या कमी ओढीने काय होणार, पाइप सरळ इनलेट मॅनिफोल्डला जोड, तिथे खरी ओढ असते. मी जोडला. मामांना न विचारता. गाडी आयडलला धडधडायला लागली, बंद पडली, पुन्हा सुरू केली तर मागून निळ्या धुराचा लोट. आयडलला मॅनिफोल्डची ओढ खूप जास्त असते. मध्ये ती आवरणारा पीसीव्ही व्हॉल्व्ह नसेल तर इंजिन तेलाची फवारणीसुद्धा पिऊन टाकतं, आणि कार्बोरेटरला चुकवून येणाऱ्या हवेने मिश्रण पातळ होतं. व्हॉल्व्ह टाकला असता तरी कार्बोरेटर नव्याने जुळवावा लागला असता. ज्या गाडीने दोन साध्या पाइपांवर इतकी वर्षं काढली तिच्यात हा उद्योग कशाला? पंधरा मिनिटांत पाइप परत एअर क्लीनरला लावला आणि मामांना आजतागायत सांगितलेलं नाही.

गाडीखाली रोज रात्री पुठ्ठ्याचा चौकोन ठेवते, सकाळी उचलून त्यावर तारीख घालते. एप्रिलचे पहिले पुठ्ठे चिंब आहेत. मेच्या शेवटी दोन-तीन ठिपके. तीनही बाजू कोरड्या, ठिपके फक्त कॉटर पिनच्या भोकाखाली, त्या आट्याच्या बाजूचे. गाडी उभी असताना आटा फिरत नाही, तेवढं थेंबभर येणारच. पूर्वी चारशे किलोमीटरला पाऊण लिटर तेल ओतावं लागायचं. आता सहाशे झाले, काडी दोन खुणांच्या मध्येच आहे. मामा म्हणाले, "दोन ठिपके पडायचेच. पडले नाहीत तर तेल संपलं समजा." सेक्रेटरींना मी हे वाक्य ऐकवलं नाही. त्यांना पत्र्याचा एक ट्रे दाखवला आणि डाग सोडा-लिंबू लावून स्वतः घासला. पूर्ण गेला नाही. पार्किंगच्या पिवळ्या रेषेत तो आता फिकट राखाडी दिसतो.

परवा सकाळी पुठ्ठा उचलायला वाकले तर पाइपाच्या तोंडाशी एक कुंभारीण घिरट्या घालत होती, तोंडात मातीची गोळी. तोंडाला जाळी लावावी का, असं मामांना विचारलं. ते म्हणाले, जाळी चिखलाने भरेल, परत तेच. "गाडी चालवा की." म्हणून आता दर तीन-चार दिवसांनी सकाळी सहाला, रस्ता मोकळा असताना, गायमुखपर्यंत जाऊन येते.